सूचनेचा मजकूर नंतर, आधी अपडेटची वागणूक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदुरातल्या काही कार्यालयांना आणि एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी ऑनलाइन सेवांच्या, किऑस्कवाल्यांना तुमची टीम उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) आधारलेली सिस्टीम बसवून देते. तिच्यात दर थोड्या दिवसांनी ‘१४ अपडेट्स उपलब्ध आहेत’ अशी सूचना येते आणि खाली ‘आता इन्स्टॉल करा’ व ‘नंतर’ अशी दोन बटणं असतात. लोक न वाचताच ‘नंतर’ दाबतात, काही जण थेट फुलीवर जातात. तुम्ही विचारलंय की मजकूर कसा लिहावा, रंग कोणता द्यावा, सूचना मराठीत असावी की हिंदीत, आणि ती किती वेळा दाखवावी.

मी बरीच वर्षं अपडेट पोचवणाऱ्या यंत्रणांवर काम केलं. आता इथेच राहून छोट्या कार्यालयांचे कॉम्प्युटर सांभाळतो. सूचना लिहिणाऱ्यांची बाजूही पाहिली आहे आणि ती उडवणाऱ्यांचीही. त्यावरून सांगतो, मजकूर हे या कामातलं शेवटचं काम आहे. सूचना धूसर होते तेव्हा बहुतेक वेळा खुद्द सिस्टीमनेच काही ठरवलेलं नसतं. रीस्टार्ट लागणार का, किती वेळ जाणार, ‘नंतर’ म्हणजे नक्की कधी, हे कोडमध्ये ठरलेलं नसेल तर लिहिणारा बिचारा ‘उपलब्ध आहेत’ यापलीकडे लिहिणार तरी काय?

आधी समोरच्या माणसाकडे बघू. भंवरकुआंवरचा किऑस्क घ्या. कुठल्याशा परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे, बाहेर पोरांची रांग लागली आहे, एकाचा फोटो अपलोड होतोय, दुसऱ्याचं पेमेंट अर्ध्यावर अडकलंय. अशात कोपऱ्यात एक चौकोन उगवतो. त्या किऑस्कवाल्या भियाच्या मनात येणारे प्रश्न ठरलेले असतात. मशीन आत्ता बंद पडणार का? किती वेळ? उघडा फॉर्म राहील का? आणि नंतर प्रिंटर चालेल ना? शेवटचा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल, पण एकदा अपडेटनंतर प्रिंटर रुसला की तो माणूस पुढची दोन वर्षं प्रत्येक अपडेटकडे संशयाने बघतो. ‘१४’ हा आकडा यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. चौदा पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) म्हणजे एकाच प्रोग्रामचे चौदा तुकडे असू शकतात आणि कुणाला काही कळायच्या आत ते बसतात. उलट एकच पॅकेज असेल आणि ते कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, असेल, तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करावंच लागतं.

वेळापत्रकाचंही तसंच आहे. मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजची सुरक्षा अपडेट्स सोडतं. तिकडच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहाला, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेअकराला. आपल्या कार्यालयांत ती बुधवारी सकाळी मशीन चालू केल्यावर उतरायला लागतात. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेत कुठेही येतो, आणि दरमहा भरायच्या जीएसटीआर-१ची (विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची) मुदत ११ तारीख. काही महिन्यांत ही दोन्ही अगदी एकमेकांवर आदळतात. राजेंद्रनगरातल्या एखाद्या कर सल्लागाराच्या टेबलावर त्या सकाळी काय चाललेलं असतं, ते हजारो मैलांवर बसून तारीख ठरवणाऱ्याला कळायचं कारण नाही. विंडोज १० मध्ये २०१६ साली ‘ॲक्टिव्ह अवर्स’ आले, म्हणजे कामाच्या तासांत आपणहून रीस्टार्ट करायचं नाही. तासांचा विचार झाला, तारखांचा राहिला. तुम्ही मात्र इथे बसून इथल्या माणसांसाठी सिस्टीम बांधताय. सेटिंगमध्ये ‘या तारखांना रीस्टार्ट मागू नका’ असा एक छोटा तक्ता द्या, आणि ११ व (जीएसटीच्याच दुसऱ्या विवरणपत्राची) २० तारीख त्यात आधीच भरून ठेवा. हे काम मजकुराचं नाही, तरी सूचना वाचली जाण्यावर याचा परिणाम कुठल्याही शब्दापेक्षा जास्त होतो.

माझं म्हणणं पटायला तीन गाजलेली उदाहरणं देतो. तिन्ही ठिकाणी शब्दांवर टीका झाली आणि तिन्ही ठिकाणी दोष शब्दांचा नव्हता.

पहिलं तुमच्याच घरातलं. उबुंटूमध्ये फायरफॉक्स ब्राउझर स्नॅप (उबुंटूची स्वतंत्र ॲप-पॅकेज पद्धत) म्हणून यायला लागल्यावर एक सूचना दिसू लागली. तिचा आशय असा: फायरफॉक्स स्नॅपचं अपडेट प्रलंबित आहे, अडथळा टाळण्यासाठी ॲप बंद करा, १३ दिवस शिल्लक. तेरा दिवसांनी काय होणार? काही उडणार का? मुदत कसली? वाचणाऱ्याला काही कळेना. आत चाललेलं असं होतं की ॲप उघडं असेपर्यंत स्नॅपची यंत्रणा ते अपडेट थांबवून धरते, पण जास्तीत जास्त १४ दिवस. यातली खरी गंमत पुढे आहे. आज्ञाधारक माणूस ब्राउझर बंद करायचा, दोन मिनिटांनी उघडायचा, आणि सूचना पुन्हा हजर. कारण सुरुवातीच्या आवृत्त्यांत ॲप बंद केल्यावर लगेच काहीच होत नसे. यंत्रणा दिवसातून चार फेऱ्या मारते, आणि पुढची फेरी येईल तेव्हाच अपडेट व्हायचं. पुढे स्नॅपच्या नव्या आवृत्त्यांत ॲप बंद होताच अपडेट बसायची सोय झाली, आणि ‘ॲप बंद करा’ या सांगण्याला तेव्हा कुठे अर्थ आला.

दुसरं विंडोजचं ‘अपडेट करून बंद करा’. कित्येकांचा अनुभव असा की हे बटण दाबून माणूस घरी जायचा आणि सकाळी येऊन बघतो तर मशीन रात्रभर चालूच, लॉगिनच्या पडद्यावर उभं. विंडोज ११ च्या ऑक्टोबर २०२५ मधल्या अपडेटमध्ये हा दोष दुरुस्त केल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. बटणावरचं वाक्य पहिल्यापासून अगदी स्वच्छ होतं. ते फक्त खरं नव्हतं.

तिसरं २०१६ सालचं. विंडोज १० वर या म्हणून सांगणारी खिडकी मे महिन्यात अशी झाली की तिच्यावरची फुली दाबली तरी ठरलेल्या वेळी अपग्रेड होणार ते होणारच. फुली म्हणजे ‘नको’ हे तोवर सगळ्या जगाला ठाऊक होतं. बराच गदारोळ झाल्यावर जूनमध्ये त्यांनी ते बदललं. पण तेवढ्या काळात लाखो लोक एक धडा शिकले, की अपडेटच्या खिडकीतल्या कुठल्याच बटणावर भरवसा ठेवायचा नाही. तुमची सूचना त्याच लोकांसमोर येते, हे विसरू नका.

आता तुमच्या सिस्टीमकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं घोडं इथे अडतं.

उबुंटूच्या १६.०४ पासून ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ सुरुवातीपासूनच चालू असतं. सुरक्षेची अपडेट्स रोज आपोआप, कुणाला न विचारता बसतात. पण रीस्टार्ट ते आपणहून करत नाही, तो पर्याय मुळात बंद ठेवलेला आहे. म्हणजे जे तातडीचं आहे ते तुमच्या सूचनेची वाट न बघताच डिस्कवर पोचलेलं असतं, आणि तुमची ‘१४ उपलब्ध’वाली सूचना बहुतांशी बिनतातडीच्या गोष्टींबद्दल बोलत असते. ज्याबद्दल बोलायला हवं ते वेगळंच आहे. लिनक्सवर चालू प्रोग्रामच्या पायाखालची फाइल बदलता येते. डिस्कवर नवी लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) येते आणि आधीपासून चाललेला प्रोग्राम मेमरीतली जुनीच वापरत राहतो. कर्नलचंही तेच. त्यामुळे अपडेट ‘बसलेलं’ असतं, आणि सुरक्षेतलं भोक मात्र उघडंच राहतं. अशा वेळी पडद्यावर ‘तुमची सिस्टीम अद्ययावत आहे’ असं हिरव्या खुणेसह दिसत असेल, तर ते चक्क खोटं आहे.

हे कळायची सोय सिस्टीममध्ये आधीच आहे. रीस्टार्टची गरज असणारं पॅकेज बसलं की व्हर-रन फोल्डरमध्ये ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची छोटी फाइल तयार होते, आणि तिच्याशेजारच्या ‘पीकेजीएस’ शेपटीच्या फाइलमध्ये ती कुठल्या पॅकेजमुळे आली हे लिहिलेलं असतं. ‘नीडरीस्टार्ट’ हे साधन एक पाऊल पुढे जाऊन कोणता चालू प्रोग्राम किंवा सेवा जुनी लायब्ररी धरून बसली आहे ते सांगतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सच्या अपडेट-माहितीत तर सुरक्षा, दुरुस्ती की सुधारणा हा प्रकार असतो, आणि शिवाय रीबूट सुचवावं का याचीही खूण असते. माहिती आहेच. ती सूचनेपर्यंत आणायचा कंटाळा केला जातो.

तेव्हा पहिलं काम हे. प्रत्येक अपडेटची ‘किंमत’ माणसाच्या बाजूने ठरवा. काही गोष्टींसाठी काहीच थांबवावं लागत नाही. काहींसाठी एखादा प्रोग्राम बंद करून उघडला की पुरतं. काहींसाठी लॉगआउट, काहींसाठी रीस्टार्ट. आणि बायोस किंवा इतर फर्मवेअर (मशीनच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर) असेल तर मशीनला हातही लावायचा नाही, चार्जर जोडलेला हवा, आणि इंदुरातल्या पावसाळ्यात यूपीएसशिवाय तर ते सुरूच करू नये. पहिल्या प्रकारात विचारायचंच नाही. गुपचूप करा आणि नोंद ठेवा. विचारण्याजोगं काही नसताना विचारलं की लोकांना ‘नंतर’ दाबायचा सराव होतो, आणि तो सराव मग कामाच्या सूचनेलाही लागू पडतो. उरलेल्या प्रकारांत लागेल तेवढंच मागा. ब्राउझर बंद केल्याने भागत असेल तर ‘कॉम्प्युटर रीस्टार्ट करा’ म्हणायचा आळस नको.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर हे इतकं सोपं कसं? अँड्रॉइडने २०१६ मध्ये, ७.० आवृत्तीपासून, सिस्टीमच्या दोन प्रती ठेवायची पद्धत आणली. एक चालू असताना दुसरीत अपडेट भरलं जातं, आणि माणसाला फक्त एकदा बंद-चालू करावं लागतं. तुमच्या उबुंटूत तसं नाही. फेडोरा डेस्कटॉपवर रीस्टार्ट करून एका वेगळ्या अवस्थेत अपडेट बसवतो आणि मग पुन्हा सुरू होतो. ते सुरक्षित आहे, पण मधला वेळ माणसाला दिसतो. कुठलीही पद्धत घ्या, फक्त सूचनेने त्याच पद्धतीचं खरं चित्र द्यावं.

वेळेचा अंदाज हा याच्याच पोटातला विषय. ‘काही मिनिटं लागतील’ हे वाक्य बंदच करा. एसएसडीवर दोन मिनिटांत होणारं काम जुन्या हार्ड डिस्कवर वीस मिनिटं खातं, आणि इथल्या कार्यालयांत जुन्या हार्ड डिस्क अजून भरपूर आहेत. तुमची सिस्टीम त्याच मशीनवर मागच्या वेळी किती वेळ लागला ते मोजून ठेवू शकते. मग लिहा: ‘साधारण १५ मिनिटं. मागच्या वेळी या कॉम्प्युटरला ११ लागली होती.’ अंदाज चुकायचाच असेल तर जास्तीच्या बाजूला चुकू द्या. पंधरा सांगून अकरात झालं तर कुणी भांडायला येत नाही. आणि डाउनलोडचा वेळ यात धरूच नका, ते आधी मागच्या मागे उरकलेलं असावं. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर किती एमबी जाणार ते सांगून परवानगी घ्या. लिनक्समधला नेट सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर अँड्रॉइडचा हॉटस्पॉट बहुतेक वेळा ओळखतो आणि कनेक्शन मोजून-मापून वापरायचं आहे असं स्वतःच धरतो, ती खूण वाचा.

‘नंतर’ या बटणाबद्दल माझं मत जरा कडक आहे. ज्या ‘नंतर’ला वेळ नाही ते काढून टाका. मॅकवर ‘एका तासाने’, ‘आज रात्री’, ‘उद्या आठवण करा’ असे पर्याय असतात, दिशा बरोबर आहे. पण ते तसेच उचलू नका. ‘आज रात्री’ हा पर्याय इथल्या कार्यालयांत हमखास फसतो, कारण संध्याकाळी शेवटी जाणारे काका भिंतीवरचा मेन स्विच बंद करून कुलूप लावतात. मशीनला रात्र मिळतच नाही. शिवाय स्विच अपडेटच्या मध्यावर पडला तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन मलाच येतो.

म्हणून इथली योग्य वेळ म्हणजे दिवसाचा शेवट. माणूस मशीन बंद करायला जातो तो क्षण. तिथे सांगा की ‘अपडेट करून बंद करा, साधारण ८ मिनिटं, मग आपोआप बंद होईल’ आणि त्याखाली तितकंच ठळक ‘तसंच बंद करा’. आणि काम झाल्यावर मशीन खरोखर बंद झालंच पाहिजे. काकांना आठ मिनिटं थांबायचंय हे माहीत असेल तर ते चहाचे कप विसळून येतात. माहीत नसेल तर स्विच पाडतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. चालू अपडेटच्या पडद्यावरही ‘बंद करू नका’ एवढंच लिहून सोडू नका. लांबून, चष्म्याशिवाय वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात उरलेली मिनिटं लिहा. ती एकेक करून कमी झाली पाहिजेत. ‘१ मिनिट शिल्लक’वर दहा मिनिटं अडकणारी पट्टी काय कामाची?

सुरक्षेची अपडेट्स वेगळी दाखवा, इतकी वेगळी की त्यांच्या जोडीला दुसरं काहीच नको. वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर आठवतं का? ज्या भोकातून ते पसरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी सोडलं होतं आणि हल्ला झाला १२ मे रोजी. मध्ये जवळजवळ दोन महिने. तेवढ्यात ज्यांनी ते बसवलं त्यांची मशीन्स वाचली. ते दोन महिने किती लोकांनी ‘नंतर’ म्हणत घालवले असतील, याचा विचार केला की माझं या विषयातलं चिडणं तुम्हाला समजेल. पण म्हणून ‘धोका!’ असं लाल अक्षरात ओरडायचं नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लोकांच्या मुलाखती घेऊन दाखवलं होतं की पूर्वीच्या अपडेटने पडद्याचं रूप बदललं, सवयीचं काही हरवलं, की लोक पुढची अपडेट्स टाळायला लागतात, आणि त्यात सुरक्षेचीही टाळली जातात. म्हणजे मेनू इकडचा तिकडे केल्याचा राग सुरक्षेवर निघतो. दोन्ही एकाच गठ्ठ्यात बांधून ‘१४ उपलब्ध’ म्हणणारे आपणच असतो. उबुंटूच्या भांडारात सुरक्षेचा कप्पा पहिल्यापासून वेगळा आहे, तेव्हा तुम्हाला हे वेगळं काढायला अडचण नाही. रूप बदलणारं अपडेट असेल तर तसं सरळ लिहा: ‘यानंतर खालच्या पट्टीची जागा बदलेल.’ ज्याला नको तो महिनाभर थांबेल. थांबू द्या.

रंगाबद्दल विचारलंय. क्रोममध्ये अपडेटची खूण दोन दिवसांपेक्षा कमी जुनी असताना हिरवी, चारेक दिवसांनी केशरी, आठवड्याने लाल होते. कल्पना चांगली होती. पण ओळखीच्या लोकांना मी हे विचारून पाहिलंय. लाल झालंय हे दिसतं, कशामुळे ते कुणालाच सांगता येत नाही. रंग असेल तर शब्दाच्या सोबतीने, एकटा नको.

बनावट सूचनांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. २०१६ मध्ये फँटम नावाचं खंडणीखोर सॉफ्टवेअर आलं. ते पडदाभर हुबेहूब विंडोज अपडेटची खिडकी दाखवायचं, टक्केवारी चढायची, आणि मागे फाइल्स कुलूपबंद होत असायच्या. ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे दाबा’ असं सांगणाऱ्या वेबसाइट्स तर आजही आहेत. मी माझ्याकडच्या लोकांना सरळ सांगून ठेवलंय की ब्राउझरच्या आत आलेली अपडेटची सूचना खोटी. तुमची सूचना अशी असावी की शंका आलेल्या माणसाला ती न दाबताही खात्री करता यावी. म्हणजे मजकुरातच मार्ग द्या: ‘सेटिंग्ज, मग अपडेट्स, इथेही हेच दिसेल.’ आणि तिथे खरंच तेच दिसावं, त्याच शब्दांत, त्याच आकड्यांत. सूचनेवर दाबल्या दाबल्या पासवर्ड मागू नका. आधी सेटिंग्जचं पान उघडा, माणसाने तिथे बटण दाबलं की मग मागा. फसलोच असं वाटलं तर सायबर फसवणुकीची १९३० ही हेल्पलाइन आहे, तीही त्या मदतीच्या पानावर लिहून ठेवायला हरकत नाही.

भाषेचा प्रश्नही खरं तर इथेच सुटतो. आपल्याकडे घरात मराठी, काउंटरवर हिंदी, पडद्यावर इंग्रजी, असा तिपेडी कारभार असतो. सूचना त्या माणसाचा बाकीचा डेस्कटॉप ज्या भाषेत आहे त्याच भाषेत द्या. सगळा पडदा इंग्रजी आणि मध्येच एक मराठी चौकोन, तर रामबागेतल्या पक्क्या मराठी माणसालाही आधी संशयच येईल. ज्यांना मराठी हवी त्यांना अख्खी सिस्टीम मराठीत करून द्या. आणि देवनागरीत एकदा प्रत्यक्ष पडद्यावर बघा. वरच्या-खालच्या मात्रांना उंची लागते, ओळ मध्येच कापली जाते, आणि कापलं जातं ते नेमकं शेवटचं क्रियापद. ‘कॉम्प्युटर रीस्टार्ट’ एवढंच उरलं तर करायचं आहे की झालंय, कसं कळणार? महत्त्वाची गोष्ट ओळीच्या सुरुवातीला आणा.

हे सगळं झालं की मजकूर जवळजवळ आपोआप लिहिला जातो. वीज कंपनीची देखभालीची सूचना आठवा: अमुक तारीख, सकाळी दहा ते दोन, अमुक वसाहती, वीज बंद. कारण असलंच तर अर्ध्या ओळीत, आणि ट्रान्सफॉर्मरचा मॉडेल नंबर कुणी छापत नाही. त्याच धर्तीवर तुमची रीस्टार्टची सूचना अशी होईल:

‘एकदा रीस्टार्ट करावं लागेल, साधारण ६ मिनिटं. सुरक्षेची दुरुस्ती बसली आहे, पण रीस्टार्टनंतरच लागू होईल. उघड्या फाइल्स आधी सेव्ह करा.’ बटणं: ‘आता रीस्टार्ट करा’, ‘दिवसअखेर बंद करताना’, ‘उद्या सकाळी ९ ला विचारा’.

फक्त ब्राउझर असेल तर: ‘फायरफॉक्स एकदा बंद करून उघडा. नवी आवृत्ती तयार आहे, उघडे टॅब परत येतील.’ टॅब परत येतात की नाही हे आधी तपासा, मगच लिहा. किऑस्कवरचा अर्धा भरलेला फॉर्म मात्र परत येत नाही, तिथे ‘फॉर्म पूर्ण झाल्यावर’ हे तीन शब्द घाला.

झाल्यानंतरचं लोक विसरतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या लॉगिनला एकच ओळ, तीही आपोआप मावळणारी: ‘काल संध्याकाळी अपडेट पूर्ण झालं, ७ मिनिटं लागली. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल आहे.’ प्रिंटर बिघडला तर माझ्यासारख्याला फोनवर अर्धं निदान तिथेच मिळतं. फसलं असेल तर चुकीचा कोड तोंडावर फेकू नका. सांगा की अपडेट बसलं नाही, कॉम्प्युटर पूर्वीसारखाच चालू आहे, तुम्हाला काही करायची गरज नाही, पुन्हा अमुक वेळी प्रयत्न होईल. अर्थात हे लिहायचं तर परत मागे जायची सोय खरोखर हवी. जुना कर्नल ग्रब मेनूत (मशीन सुरू होतानाच्या यादीत) ठेवला जातो, पण बाकीच्या पॅकेजेससाठी आधी स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या क्षणाची प्रत) घेत नसाल तर ‘पूर्वीसारखाच’ हा शब्द वापरू नका.

चाचणीबद्दल एक सांगतो. लोकांना सूचना दाखवून ‘कळतंय का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात, विशेषतः समोर इंजिनिअर बसला असेल तर. बटणावर बोट ठेवून विचारा, ‘हे दाबलं तर पुढच्या पाच मिनिटांत काय होईल?’ त्यांनी सांगितलेलं आणि प्रत्यक्षात होणारं यांत फरक पडला तर आधी कोड बघा, मग वाक्य.

राहिलं किती वेळा दाखवायचं ते. उबुंटूने २००९ मध्ये, ९.०४ आवृत्तीत, कोपऱ्यातली खूण काढून अपडेटची खिडकीच आपोआप उघडायला सुरुवात केली होती. सुरक्षेचं असेल तर रोज, नाहीतर आठवड्यातून एकदा. खिडकी अंगावर येते म्हणून लोक खूप चिडले, पण रोज आणि आठवड्याने हा भेद मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. तुमच्याकडे रीस्टार्ट बाकी असेल तर दिवसातून एकदा, तीही मशीन बंद करतानाच. तीन दिवस टळलं तर सकाळच्या पहिल्या लॉगिनला एकदा. बिनतातडीचं असेल तर महिन्यातून एकदा, किंवा कधीच नाही. लिनक्स डेस्कटॉपच्या सूचनांना लो, नॉर्मल आणि क्रिटिकल अशा तीन पायऱ्या असतात. क्रिटिकल सूचना माणसाने हटवेपर्यंत हलत नाही, म्हणून अपडेटसाठी नॉर्मलच्या वर जाऊ नका. तुमच्या कोडमध्ये सध्या क्रिटिकल लावलेलं असण्याची मला दाट शंका आहे, कारण ‘काही जण फुली दाबतात’ असं तुम्ही लिहिलंय, आणि आपोआप मावळणाऱ्या सूचनेची फुली सहसा कुणी शोधत बसत नाही. ती ओळ आजच बघा.